बशीची मागची बाजू : सालारजंग संग्रहालयातील फ्रेंच राजभांडी

प्रस्तावना : हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील युरोपीय चिनी मातीच्या भांड्यांत फ्रान्सच्या सेव्र कारखान्यातील भांडी विशेष महत्त्वाची मानली जातात. त्यांपैकी काही सोळाव्या लुईने टिपू सुलतानाला भेट दिल्याचे सांगितले जाते. मात्र राजाच्या नावाने वस्तूचे मोल वाढले तरी तिचा अर्थ उलगडतोच असे नाही.

विवेचन : टिपूचे तीन वकील १७८८ मध्ये व्हर्सायच्या दरबारात गेले ते इंग्रजांविरुद्ध लष्करी साहाय्य मागण्यासाठी. लुईने तसा करार टाळला. वकिलांचा सत्कार मात्र केला आणि १७५९ पासून राजाच्या मालकीच्या असलेल्या सेव्र कारखान्याची भांडी नजराणा म्हणून दिली. त्या अर्थाने हा नजराणा स्नेहाची खूण होता, तशीच नकाराची पावतीही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा निजामाचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने लढत होते. टिपूची मानली जाणारी भांडी पुढे कोणाकोणाच्या हातांतून हैदराबादला पोहोचली, हा प्रश्न 'भेट' या एका शब्दाआड झाकला जातो.

दुसरे मौन कारागिराविषयीचे आहे. सेव्रच्या बशीमागे एकमेकांत गुंफलेल्या दोन 'एल' अक्षरांच्या राजचिन्हाबरोबर बहुधा चित्रकाराची व सोनेरी काम करणाऱ्याची खूणही असते. बशी दर्शनी बाजूने मांडली की राजवैभव दिसते, श्रम मागे राहतात. शिवाय एकोणिसाव्या शतकात या राजचिन्हाची भरपूर नक्कल झाली. त्यामुळे केवळ चिन्ह हाही निर्णायक पुरावा ठरत नाही.

येथे वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे स्मरण होते. महात्मा गांधींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय ग्रामोद्योगांना वाहिलेले आहे. वस्तू कोणी वापरली यापेक्षा ती कोणाच्या हातांनी घडली, हा प्रश्न तेथे आधी येतो. आंजी (मोठी) परिसरातील विद्यार्थ्याने हीच दृष्टी घेऊन हैदराबादला जावे.

निष्कर्ष : मागील खुणा दिसतील अशी मांडणी, सेव्रच्या जुन्या नोंदींशी पडताळणी आणि वस्तूच्या प्रवासाची माहिती देणारी पाटी, एवढे झाले तरी ही भांडी केवळ वैभवाचे प्रदर्शन न राहता इतिहासाचे साधन ठरतील.