डॉकिंगचा स्कोअर काय सांगत नाही?

२००७ साली आलेली बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टरची स्फटिकरचना मोलाचीच आहे. पण तिच्यावर डॉकिंग करण्याआधी एक बघा. औषध बसायच्या खिशात काराझोलॉल आहे, म्हणजे रिसेप्टर निष्क्रिय अवस्थेत आहे. जी-प्रोटीनसकट सक्रिय रचना २०११ मध्ये आली. तिच्यात सहावी हेलिक्स पेशीच्या आतल्या टोकाला सुमारे १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेली दिसते.

साल्ब्युटामॉल आणि प्रोप्रानोलॉल एकाच खिशात बसतात. पहिलं दम्यात श्वासनलिका मोकळी करतं, दुसरं दम्याच्या रुग्णाला धोक्याचं. डॉकिंगचा स्कोअर हा फरक सांगत नाही. तो पेशीतलं सीएएमपी मोजल्यावर कळतो. म्हणून पेपर वाचताना नुसत्या रंगीत चित्रावर भाळू नका. रचना कोणत्या अवस्थेतली आणि प्रयोग कुठाय, हे आधी विचारा.