‘पुरेशी हवा’ म्हणजे नेमकी किती?

आज एका शब्दाची झाडाझडती घेऊ. शब्द साधाच आहे: ‘पुरेशी’. ‘गॅस गीझर वापरताना पुरेशी हवा खेळती ठेवा’ हे वाक्य माहितीपत्रकांत असतं, बातम्यांखालच्या सूचनांत असतं आणि आपल्या प्रश्नावल्यांतही शिरतं. माझा आक्षेप असा, की ते ना सूचना म्हणून कामाचं आहे, ना मोजमाप म्हणून.

मार्च २०२३ मध्ये धुळवडीनंतर घाटकोपरचं एक दाम्पत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. पहिला संशय गॅस गीझरच्या धुरावर होता. अशा घटनांनंतर बहुधा एकच कारण सांगितलं जातं: वायुवीजन नव्हतं. पण किती हवं होतं, हे कोणी विचारत नाही.

समजा, तुम्ही कर्जत-खालापूर पट्ट्यात सर्वेक्षण करताय. नेरळपासून खोपोलीपर्यंत नव्या इमारती आहेत, शनिवार-रविवारचे बंगले आहेत, भाड्याने मिळणारी फार्महाउसं आहेत. वीज गेली तरी गरम पाणी मिळतं, म्हणून गॅस गीझर सोयीचा वाटतो. तुमचा प्रश्न असतो, ‘बाथरूमला खिडकी आहे का?’ उत्तर येतं, ‘हो’. पण पावसाळ्यात ती झडीमुळे बंद, थंडीत गार वाऱ्यामुळे बंद, आणि उघडी असली तरी डासांची जाळी धुळीने बुजलेली. तुमच्या तक्त्यात मात्र हे घर ‘सुरक्षित’ रकान्यात बसलं!

आता थोडा हिशेब करू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे १०.५ किलोवॅट उष्णता लागते. कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर मिनिटाला साधारण १६ ग्रॅम एलपीजी जळतो आणि त्यासाठी ४४ लिटर ऑक्सिजन खर्च होतो. बाथरूम ४ बाय ६ फूट आणि उंची ८ फूट, म्हणजे आतली हवा सुमारे ५,४०० लिटर. खोली पूर्ण बंद मानली, तर पाच मिनिटांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १७ च्या आसपास येतो. ऑक्सिजन घटला की ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक’ अशी गैरसमजूत होते.

उलट बाजूनेही पाहा. ऑक्सिजन २० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नसेल, तर मिनिटाला सुमारे ४,४०० लिटर ताजी हवा आत यायला हवी. म्हणजे दर सव्वा मिनिटाला खोलीतली सगळी हवा बदलली पाहिजे. वरच्या एका झरोक्याकडून ही अपेक्षा कशी करणार? एक्झॉस्ट पंखा लावला तरी दार-खिडक्या घट्ट बंद असतील, तर तो ओढणार कुठली हवा? बाहेर जाणाऱ्या हवेइतकीच आत येणाऱ्या हवेलाही वाट लागते.

यावर तुम्ही म्हणाल, खरं बाथरूम हवाबंद नसतं, दाराखाली फट असते. बरोबर. पण ती फट किती आणि तिच्यातून हवा किती येते, हे घराघरांत वेगळं. म्हणूनच ते ‘हो/नाही’त मावत नाही.

मग विचारायचं काय? गीझर आत आहे की बाहेर? धूर थेट घराबाहेर नेणारी नळी आहे का? हवा आत यायची उघडी वाट किती चौरस सेंटिमीटर, आणि ती आज खरोखर उघडी आहे का? गीझर सलग किती मिनिटं चालतो? हा शेवटचा प्रश्न फार्महाउसवर विसरू नका. तिथे दहा जण पाठोपाठ आंघोळ करतात. जमल्यास कार्बन मोनॉक्साइडचा मीटर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची १५ मिनिटांसाठीची मर्यादा घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे साधारण ८७ पीपीएम.

यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘गीझर बाहेर उघड्या गॅलरीत बसवा, आत फक्त पाण्याचा पाइप आणा’ ही सूचना कोणालाही डोळ्यांनी तपासता येते. ‘पुरेशी हवा ठेवा’ ही येत नाही. ती पाळली की नाही हे कळतं ते दुर्घटनेनंतर, आणि तेव्हा दोष मात्र आंघोळ करणाऱ्याच्या माथी जातो.

आणि एक. मोजणी चालू असताना आकडा मर्यादेकडे चढू लागला, तर नोंद पूर्ण करायला थांबू नका. गीझर बंद करा, दार उघडा, माणसांना बाहेर काढा. तक्त्यातला एक रकाना रिकामा राहिला तरी चालेल.