कॅलासबाईंचा रिगोलेत्तो

मारिया कॅलास यांनी रिगोलेत्तोची भूमिका कधी केली नाही; करणं शक्यच नव्हतं. ती बॅरिटोनची, म्हणजे भारदस्त पुरुषी गळ्याची भूमिका आणि कॅलास सोप्रानो, म्हणजे उंच स्त्रीगळ्याच्या. तरीही व्हेर्दीच्या ऑपेरातल्या त्या कुबड्या विदूषकाचं ‘कोर्तिजानी’ हे गाणं मला सगळ्यांत जास्त उलगडलं ते कॅलासबाईंच्याच गळ्यातून. तेही रंगमंचावरून नाही, वर्गातून. साथीला नुसता पियानो, शेजारी एक तरुण बॅरिटोन आणि समोर श्रोते.

हे वर्ग न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड संगीतशाळेत ऑक्टोबर १९७१ ते मार्च १९७२ या काळात झाले. सुमारे तीनशे गळे ऐकून पंचवीसेक विद्यार्थी निवडले होते. बाईंचं वय तेव्हा जेमतेम अठ्ठेचाळीस, पण ऑपेराचा रंगमंच सुटून सहा वर्षं उलटलेली. ५ जुलै १९६५ चा लंडनमधला ‘तोस्का’ हा शेवटचा प्रयोग. आवाज वरच्या स्वरांवर डगमगत होता आणि हे त्यांना स्वतःला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. सुदैवाने वर्गांचं ध्वनिमुद्रण झालं आणि पुढे त्यातला निवडक भाग बाजारातही आला.

आता गाण्याकडे. मांतुआच्या ड्यूकच्या दरबाऱ्यांनी रिगोलेत्तोची मुलगी जिल्दा पळवून आणली आहे. ती त्याची रखेली असावी, असा त्यांचा समज. ती आता आतल्या दालनात ड्यूकपाशी आहे आणि हे रिगोलेत्तोच्या ध्यानात येतं. ‘माझी मुलगी’ हे शब्द त्याच्या तोंडून निघतात आणि दरबारी चपापतात. तिथून गाणं सुटतं. व्हायोलिनांचे स्वर एकमेकांना ढकलत धावतात, रिगोलेत्तो शिव्या घालतो, दाराकडे झेप घेतो, दरबारी त्याला अडवतात, झटापट होते. मग तो मोडतो. रडू फुटतं. मारुल्लो नावाच्या एकाच दरबाऱ्याकडे वळून तो त्याला गोंजारू लागतो आणि शेवटी सगळ्यांपुढे पदर पसरतो. इथे एकटा चेलो त्याच्याभोवती फिरत राहतो आणि त्या सुरावटीवर रिगोलेत्तो भीक मागतो.

त्या काळच्या इटालियन ऑपेराचा रिवाज याच्या नेमका उलटा होता. आधी संथ भाग, मग टाळ्यांसाठी जलद भाग. १८५१ साली व्हेर्दीने हा क्रम उलथवला. जलद आधी, संथ नंतर. माणूस रागातून लाचारीकडे उतरत जातो आणि गाणंही त्याच्यासोबत पायऱ्या उतरतं. गायकाची खरी गोची इथेच आहे. पहिल्या भागात संतापाच्या नावाखाली तरुण गायक सगळी शिल्लक उधळतो आणि चेलो सुरू होतो तेव्हा दमसास संपलेला असतो. मग उरलेली जागा हुंदक्यांनी भरायची. हुंदका स्वस्त असतो. टाळीही मिळते.

कॅलासबाई गाऊन दाखवतात तेव्हा आधी कानात शिरतात ती व्यंजनं. राग आवाजाच्या आकारात नाही, शब्दाच्या फेकीत आहे. छातीचा काळसर, जरा घोगरा आवाज, आणि लय मात्र पक्की धरलेली. संताप लयीतून बाहेर सांडत नाही म्हणूनच तो धोकादायक वाटतो. आणि याचना येते तेव्हा त्या हुंदका घालत नाहीत. सूर न तोडता ओळ लांबवतात. रडणं व्हेर्दीने सुरावटीत आधीच लिहून ठेवलं आहे, वरून आणखी शिंपडायची गरज काय, असा तो हिशेब. गळा थकलेला आहे हे प्रत्येक ओळीत कळतं. पण शेजारचा निरोगी, भरलेला आवाज आणि हा वापरून झिजलेला आवाज पाठोपाठ ऐकताना कान आपोआप झिजलेल्याकडे जातो.

हे बाईंना आलं कुठून? १९५२ साली मेक्सिकोत त्यांनी जिल्दा केली, दोनच प्रयोग. रिगोलेत्तो हे गाणं म्हणत असतो तेव्हा जिल्दा त्या बंद दाराआड असते आणि गाणं संपलं की धावत बाहेर येते. म्हणजे हे गाणं त्यांनी विंगेतून, आपल्या प्रवेशाची वाट बघत ऐकलेलं. ऐकून शिकण्याची सवय त्याहून जुनी. अथेन्सच्या संगीतशाळेत एल्विरा दे इदाल्गो या त्यांच्या गुरू. आपला धडा झाला तरी कॅलास घरी जात नसे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून सगळ्यांचे धडे ऐकायची, बास असो की टेनर. सामान्यातल्या सामान्य विद्यार्थ्यालाही एखादी गोष्ट अशी साधते जी तुम्हाला साधत नाही, हे तिथे कळलं असं त्या पुढे सांगत. आपल्याकडे मैफलीत मागे तंबोरा धरून बसलेल्या शिष्याचं शिक्षण याच वाटेने होतं. फरक इतकाच की आपली तालीम बंद खोलीत होते. यांची चारचौघांत, चुकांसकट.

अमेरिकेतली उन्हाळी गायनशिबिरं याच चारचौघांतल्या शिकण्यावर उभी आहेत. सांता फेचा ऑपेरा १९५७ पासून शिकाऊ गायकांना घेतो. ती मुलं कोरसमध्ये उभी राहतात आणि मोठ्या भूमिका पाठ करून ठेवतात, न जाणो कुणाचा घसा बसला तर. सांता बार्बराच्या म्युझिक अकॅडमी ऑफ द वेस्टमध्ये गायिका लोटे लेमान शिकवत. त्याही गळा थकलेल्या, १९५१ साली निरोपाची मैफल करून बसलेल्या. सेंट लुइसच्या संगीतसंस्थेने काळी म्हणून दार लावून घेतलेली ग्रेस बम्ब्री त्यांच्याकडे उन्हाळ्यापुरती आली आणि काही वर्षं राहिली. १९६१ साली ती बायरॉइटच्या ऑपेरा महोत्सवात व्हीनसच्या भूमिकेत रंगमंचावर उभी होती. मेरिलिन हॉर्नने मात्र त्याच वर्गात लोकांसमोर बोलणी खाल्ली आणि ती कधी विसरली नाही. १९९७ साली तिथल्या गायनविभागाची सूत्रं तिच्याच हाती आली, हा न्याय म्हणावा की योगायोग, कुणास ठाऊक.

बोलणी खाण्याचाच भाग नाटककाराला खुणावतो. टेरेन्स मॅकनॅलीचं ‘मास्टर क्लास’ हे १९९५ चं नाटक ज्युलियर्डच्या याच वर्गांवर बेतलेलं. त्यातली कॅलास विद्यार्थिनीला पहिल्याच उद्गाराशी अडवते, टोमणे मारते, मधेच ओनासिस या आपल्या प्रियकराच्या आठवणींत हरवते. नाटक रंगतं, त्याला टोनी पारितोषिकही मिळालं. पण ध्वनिफितीतल्या बाई अशा नाहीत. तिथे श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या शब्दावर वजन, लय का पडली, एवढंच चालतं. ओनासिसचं नावही नाही. नाटकातल्या बाई जास्त बोलतात, फितीतल्या जास्त शिकवतात. मला विचाराल तर नाट्य फितीतच अधिक आहे, कारण तिथे पणाला लागतं ते गाणं.

ऐकायचंच असेल तर आधी १९५५ चं ला स्कालाचं ध्वनिमुद्रण लावा. वाद्यवृंदाचे संचालक सेराफिन, तीतो गोब्बी रिगोलेत्तो आणि जिल्दा कॅलास. गोब्बीचा आवाज फार मोठा नाही, पण शब्दाला जागणारा. ज्युलियर्डमधल्या बाईंच्या फेकीचं नातं कुठे लागतं ते लगेच कळेल. आणि गाणं संपल्यावर ध्वनिमुद्रण बंद करू नका. पुढच्याच क्षणी जिल्दा बापाला हाक मारत येते. एकतिसाव्या वर्षीच्या कॅलासने तिथे आवाज मुद्दाम बारीक, जवळजवळ पोरसवदा केला आहे. ती हाक ऐका आणि मगच न्यूयॉर्कची फीत लावा.