अकाली स्मृतिभ्रंश आणि सहचराची निष्ठा : ‘स्टिल ॲलिस’ या कादंबरीच्या संदर्भात

प्रस्तावना

स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा आजार आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वैद्यकाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात आलॉइस आल्झायमर यांनी ज्या ऑगस्टे डेटर या स्त्रीची तपासणी केली, तिचे वय अवघे ५१ वर्षांचे होते. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर आल्झायमर यांनी आपली निरीक्षणे मांडली आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी या विकारास त्यांचे नाव दिले. म्हणजेच या विकाराची पहिली नोंद ही ६५ वर्षांच्या आत उद्भवणाऱ्या, अर्थात अकाली स्मृतिभ्रंशाची नोंद होय. या वयात रुग्ण नोकरीत असतो, त्याचा जोडीदारही कर्ता असतो आणि मुले अद्याप मार्गी लागलेली नसतात. त्यामुळे शुश्रूषेचा प्रश्न हा दांपत्यजीवनाचा व उपजीविकेचा प्रश्न बनतो. लिसा जेनोव्हा यांच्या ‘स्टिल ॲलिस’ (२००७) या इंग्रजी कादंबरीत सहचराची निष्ठा कोणत्या स्वरूपात प्रकटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साक्ष कोणाची?

स्मृतिभ्रंशाचे लेखन बहुधा निरोगी जोडीदार करतो. समीक्षक जॉन बेली यांनी कादंबरीकार पत्नी आयरिस मरडॉक यांच्या आजारावर लिहिलेले आठवणींचे पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मरडॉक यांचा आजार सत्तरीनंतरचा असला, तरी पतीच्या निष्ठेचे ते बहुचर्चित उदाहरण आहे. मरडॉक यांचे निधन फेब्रुवारी १९९९ मध्ये झाले. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्या हयात होत्या. परंतु त्यावर मत देण्याच्या स्थितीत नव्हत्या. पतीच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्या प्रेमाचा साक्षीदार व निवेदक एकच आहे, ही या लेखनप्रकाराची मर्यादा दुर्लक्षिता येत नाही.

जेनोव्हा यांनी नेमकी हीच व्यवस्था उलटवली आहे. मज्जाविज्ञानाच्या अभ्यासक असलेल्या या लेखिकेने तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले, पण ते ॲलिस हाऊलंड या हार्वर्डमधील पन्नाशीच्या प्राध्यापिकेच्या जाणिवेशी बांधून ठेवले. तिची स्मृती ढासळते तसतसे निवेदनही आकसते. अखेरीस पती आणि मुली यांची नावे गळून पडतात व वाचकालाही माणसे केवळ त्यांच्या वर्णनावरून ओळखावी लागतात. ज्या निष्ठेचे मोजमाप एरवी जोडीदार स्वतः करतो, तिचे मोजमाप येथे रुग्णाच्या बाजूने होते.

जॉनची निष्ठा

ॲलिसचा पती जॉन हा संशोधक आहे. निदान झाल्यावर तो शोधनिबंध वाचतो, औषधांची माहिती जमवतो, जनुकीय चाचणीचा आग्रह धरतो. त्याच्या परीने हीही निष्ठाच आहे. ॲलिसची मागणी मात्र साधी आहे. भान शिल्लक आहे तोवर दोघांनी वर्षभर रजा घेऊन एकत्र राहावे, एवढेच तिला हवे असते. जॉनला ते जमत नाही. घरी बसून पत्नीची झीज पाहत राहणे त्याला असह्य वाटते. न्यूयॉर्कमधील नवे पद त्याला खुणावते, मुले विरोध करतात आणि शेवटी तो एकटाच जातो. ॲलिस मुले व पगारी परिचारिका यांच्या आधाराने बॉस्टन परिसरातच राहते.

लेखिकेने जॉनला खलपुरुष केलेले नाही. उपसंहारात औषधाची चाचणी फसल्याची बातमी वाचताना तो भेटतो, तेव्हा त्याचे दुःख खोटे वाटत नाही. त्याचे प्रेम खरे आहे, पण ते आजाराशी झुंजण्यात खर्ची पडते. आजारी व्यक्तीजवळ बसण्यात नाही. हा भेद हे या कादंबरीचे सर्वांत मोलाचे योगदान मानावे लागेल. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आधारगट आहेत, रुग्णांसाठी नाहीत, हे ध्यानात येताच ॲलिस स्वतः रुग्णांचा गट जमवते. हा प्रसंगही त्याच भेदाकडे निर्देश करतो.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नव्हे. डॉक्टरांशी होणारे संवाद काही वेळा पाठ्यपुस्तकी होतात. हाऊलंड कुटुंबाची आर्थिक सुस्थिती शुश्रूषेचा खर्च व शारीरिक कष्ट यांना बऱ्याच अंशी झाकून टाकते.

भारतीय संदर्भ

ब्लेसी दिग्दर्शित ‘तन्मात्र’ (२००५) या मलयाळम चित्रपटाशी तुलना येथे उद्बोधक ठरते. मोहनलाल यांनी साकारलेला रमेशन नायर हा तिरुवनंतपुरम येथील सचिवालयातील कर्मचारी ऐन उमेदीत आल्झायमरग्रस्त होतो. पत्नी लेखा त्याची सेवा करते. परंतु ती सेवा करील की नाही, हा प्रश्न कथेत नाट्याचा विषय होत नाही. जॉनच्या बाबतीत मात्र तो कथेच्या केंद्रस्थानी येतो. पतीची सेवा हे प्रेम व पत्नीची सेवा हे कर्तव्य, हा संकेत भारतीय प्रेक्षकाच्या इतका अंगवळणी पडला आहे की लेखाचे श्रम श्रम म्हणून नजरेत भरत नाहीत. पातिव्रत्याचा गौरव ज्या समाजात मुबलक होतो, तेथे सेवा करणाऱ्या स्त्रीची झोप, नोकरी व एकटेपण यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

निष्कर्ष

१. अकाली स्मृतिभ्रंशावरील साहित्यात निष्ठेचे मूल्यमापन निवेदकाच्या स्थानावर अवलंबून राहते.
२. आजाराशी लढणे आणि आजारी व्यक्तीस सोबत देणे या भिन्न गोष्टी असून ‘स्टिल ॲलिस’ हा भेद परिणामकारकपणे दाखवते.
३. सहचराच्या त्यागाचा केवळ गौरव करणारी समीक्षा रुग्णाची इच्छा व शुश्रूषेचे श्रम या दोहोंवर अन्याय करते. अशा कलाकृतींचा अभ्यास करताना जोडीदाराने किती सोसले, याबरोबरच रुग्णाला काय हवे होते आणि सोसण्याचा भार कोणावर गृहीत धरला गेला, हेही तपासणे आवश्यक आहे.