नांव कळलें, वस्तु कळली काय?

जयंत विष्णु नारळीकर २० मे २०२५ रोजीं निवर्तले. त्यानंतर आमच्या वाशिमच्या मित्रमंडळींत त्यांच्या ‘आकाशाशी जडले नाते’ या ग्रंथाचें पुन्हां एकवार सामुदायिक वाचन झालें. वाचन संपल्यावर एक वकील स्नेही म्हणाले, “सारें समजलें, मात्र उलटतपासणी घ्याल तर एकाहि प्रश्नाचें उत्तर देतां येणार नाहीं.” या उद्गारांत ग्रंथकाराची स्तुति अधिक कीं तक्रार अधिक, हा विचार तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे.

नारळीकरांची मराठी सुबोध आहे, याविषयीं दुमत नाहीं. १९७४ सालीं ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनीं नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस धाडली, व तिला पहिलें बक्षीस मिळालें. पण हा ‘कृष्णविवर’ शब्दच पाहा. तो कानीं पडतांच वाचकास एखादी काळीकुट्ट विहीर दिसूं लागते व वस्तु समजल्याचें समाधान होतें. त्या विवराच्या गाभ्यांत आइन्स्टाइनचीं समीकरणें घनतेचें उत्तर अनंत देतात, म्हणजे तेथें पदार्थविज्ञान निरुत्तर होतें, ही गोष्ट त्या समाधानांत बुडून जाते. ‘कृष्णद्रव्या’चेंहि तेंच. दीर्घिकांच्या कडेचे तारे, दृश्य द्रव्याच्या आकर्षणानें धरून ठेवतां येतील त्याहून अधिक वेगानें फिरतात, असें व्हेरा रुबिन यांच्या १९७० नंतरच्या मापनांनीं ठसठशीतपणें दिसलें. हिशेब जुळेना, म्हणून अदृश्य द्रव्य कल्पिलें; त्याचा कण अद्याप कोणत्याहि प्रयोगशाळेंत सांपडलेला नाहीं. आमच्या इकडील भाषेंत बोलावयाचें तर ही वहींत मांडलेली उचल होय. ती फिटली असें कोणी समजूं नये.

नारळीकरांचा थोर गुण हा कीं, उचल कोठें मांडली तें ते लपवीत नाहींत. महास्फोटाच्या कल्पनेविषयींचा संशय त्यांनीं अखेरपर्यंत सोडला नाहीं. १९६५ सालीं विश्वांतील पार्श्वप्रारणाचा शोध लागून स्थिरस्थितीचा पक्ष लंगडा पडला, तरी १९९३ सालीं हॉईल व बर्बिज यांच्यासह त्यांनीं त्याच पक्षाची नवी मांडणी केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांनीं ती मानिली नाहीं. कां मानिली नाहीं, हें मात्र सामान्य वाचकास गणिताच्या अभावीं तोलतां येत नाहीं, आणि येथेंच आमची तक्रार आहे. सुबोध गद्यांत अल्पमत व बहुमत सारख्याच वजनाचीं भासतात.

आतां शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वतरंग टिपणाऱ्या, चार-चार किलोमीटर लांब भुजांच्या वेधशाळेस २०२३ सालीं केंद्र सरकारची मंजुरी मिळाली आहे. विश्वप्रसरणाचा वेग एका रीतीनें मेगापार्सेकमागें सेकंदास सुमारें ६७ किलोमीटर येतो, दुसरीनें ७३. अशा तरंगांवरून तो तिसऱ्या, स्वतंत्र रीतीनेंहि काढतां येतो. हें सांगतांच वकीलसाहेब सरसावून बसले: दोन साक्षीदारांत चुकला कोणता, व तिसऱ्यानें काय सांगितलें म्हणजे कोणाची साक्ष पडेल? आमच्या मतें प्रश्न त्यांना समजला तो त्या क्षणीं. ग्रंथाच्या पुढील आवृत्तीस अशा आंकड्यांचें चार पानांचें परिशिष्ट कोणी जाणत्यानें जोडावें.