रतनपूर : एका नगराचे वाचन

भिलाईच्या कुरुद भागात राहणाऱ्या आम्हां मंडळींना वास्तूचे एकच युग परिचयाचे. येथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि त्या ओघातच नगर वाढले. बिलासपूरजवळचे रतनपूर मात्र अनेक युगांचे आहे, आणि ते कसे पाहावे याविषयी आमचे थोडे मतभेद आहेत.

अकराव्या शतकात कलचुरी रत्नदेवाने ते वसविले. १७४१ मध्ये भास्करपंताच्या स्वारीने ते भोसल्यांच्या सत्तेखाली आले. पुढे बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत येथूनच कारभार पाहत. टेकडीवरचे राममंदिर त्यांचे. रामटेकच्या स्मरणाने मराठी माणूस तेथे जातो, धन्य होतो आणि परततो.

आमचा आक्षेप या घाईला आहे. खाली, महामाया मंदिराजवळ, कंठी देऊळ आहे. त्याच्या भिंतींत त्याहून जुनी शिल्पे बसविलेली दिसतात : बाळाला पाजणारी माता, लिंगोद्भव शिव. नव्या काळाने जुन्याचे दगड टाकले नाहीत. आपल्या भिंतीत सांभाळले. बिंबाजींनीही निराळी राजधानी न वसविता कलचुरींचेच नगर पत्करले, महामायेचे स्थान अबाधित ठेवले आणि राम टेकडीवर नेला. इंग्रजांनी १८१८ मध्ये कारभार रायपुरास हलविला, तेव्हा ही परंपराच खुंटली.

म्हणून केवळ भोसल्यांचे पान वाचणाऱ्यास तेही पान पुरते कळत नाही. टेकडीवरील रामाचा अर्थ पायथ्याच्या देवळांत आहे. अभिमानाने वर चढावे, परंतु आधी खाली थांबावे.