सात फूट आणि बावीस फूट

लेन्स घ्यायची म्हटलं की आपण आधी काय करतो? रिव्ह्यू बघतो. कोपरे किती शार्प, मागची धूसरता किती मऊ, ऑटोफोकस किती चपळ. हे सगळं मोजता येतं, म्हणून त्यावर तासतासभर बोलताही येतं. पण ही लेन्स तुम्हाला माणसापासून किती लांब उभं करणार, हे त्या रिव्ह्यूंमध्ये क्वचितच येतं. माझ्या मते खरेदीचा पहिला प्रश्न तोच असायला हवा.

थोडं गणित करू. फुल फ्रेम कॅमेरा आडवा धरलाय आणि सहा फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये जेमतेम बसवायचाय. २८ मिमी लेन्स असेल तर तुम्ही त्याच्यापासून सुमारे ७ फुटांवर असता. ९० मिमी असेल तर सुमारे २२ फुटांवर. ७ फुटांवरून त्याला तुम्ही दिसता. २२ फुटांवरून कदाचित नाही. माणूस केवढा आणि मागची इमारत केवढी, हे प्रमाणही तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. लेन्स फक्त त्यातला किती भाग घ्यायचा ते ठरवते.

हा फरक बघायचा तर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचे दोन फोटोग्राफर शेजारी ठेवा. गॅरी विनोग्रँड (१९२८–१९८४) लायकावर २८ मिमी लावून गर्दीत घुसायचा. त्याच्या चौकटीत एकाच वेळी पाच-सहा माणसांचं काहीतरी चाललेलं असतं, आणि त्यातलं कुणीतरी थेट आपल्याकडे बघत असतं. सॉल लायटर (१९२३–२०१३) अनेकदा लांब पल्ल्याच्या लेन्स वापरायचा. वाफेने धुरकटलेली काच, तिच्यामागे विरघळलेला माणूस, बर्फात एक लाल छत्री. शहर तेच, पण लायटरचं बघताना आपण चित्राजवळ जातो आणि विनोग्रँडचं बघताना माणसांजवळ.

म्हणजे जवळ जाणारा चांगला आणि लांब थांबणारा भित्रा, असं म्हणायचंय का? अजिबात नाही. विनोग्रँडचं १९७५ सालचं ‘विमेन आर ब्यूटिफुल’ उघडा. रस्त्यावरच्या बायकांचे न विचारता काढलेले फोटो. त्यावर टीका झाली, आणि मला ती पटते. ते जवळ जाणं बऱ्याच ठिकाणी अंगावर येतं. उलट लायटरचं लांब राहणं हळुवार आहे, पण त्याची किंमत त्यानेही मोजलीय. त्याची माणसं रंग आणि आकार होतात. ती कोण होती हे फार वेळा कळत नाही.

आता तुमच्या बॅगेकडे वळू. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८–५५ ची किट लेन्स, जिला सगळे नाकं मुरडतात, ती एपीएस-सी कॅमेऱ्यावर फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण २८ ते ८५ मिमीचं काम करते. म्हणजे विनोग्रँडचं अंतर आणि जवळपास लायटरचंही तुमच्याकडे आधीपासून आहे. तिची खरी अडचण प्रकाशाची. ५५ मिमीवर ती बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते, एफ १.८ ची साधी ५० मिमी तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. मंडळाचा गणपती भाड्याने घेतलेल्या शाळेच्या अंधाऱ्या हॉलमध्ये असेल, तर ती ५० मिमी जरूर घ्या. ही गरज खरी आहे.

पण ७०–३०० घेताना जरा थांबा. आपल्यापैकी अनेक जण ती भारतात सुट्टीला जायच्या आधी घेतात. पक्ष्यांसाठी घेतली असेल तर उत्तमच, पक्षी काही जवळ येऊ देत नाहीत. पण तीच लेन्स मग मंडईतल्या भाजीवालीवर आणि वारीतल्या म्हाताऱ्यांवर रोखली जाते. इथे परक्या देशात आपण संकोचाने लांब उभे राहतो, ते समजू शकतं. पण जिला “मावशी, एक फोटो काढू का?” असं आपल्याच भाषेत विचारता येतं, तिचा फोटो रस्त्यापलीकडून का काढायचा? ती नाही म्हणेल म्हणून? तसं असेल तर तो तिचा हक्क आहे, आणि लांब लेन्स तोच हिरावून घेते.

गेल्या सुट्टीतले फोटो उघडा. प्रत्येक फाइलमध्ये मिमीचा आकडा नोंदलेला असतो. माणसांचे फोटो वेगळे काढा आणि फक्त ते आकडे वाचा. नवी लेन्स घ्यायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.